कंपनीचें कायदेखातें आणि नवा लेखनिक

वकील म्हटला कीं सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें काळा कोट, गळ्यापाशीं पांढऱ्या पट्ट्या आणि न्यायालयाच्या पायऱ्या उभ्या राहतात. परंतु मुंबईच्या फोर्ट भागांत, नरिमन पॉइंटवर, वांद्रे-कुर्ला संकुलांत किंवा पुण्याजवळच्या हिंजवडीस कायद्याचे असे कितीतरी जाणकार रोज कामाला जातात, कीं ज्यांच्या अंगावर तो कोट कधीं चढत नाहीं. ते कंपन्यांचे पगारी कायदे-सल्लागार होत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणें पूर्ण वेळ पगारी नोकरी पत्करणाऱ्याला, ती नोकरी आहे तोंपर्यंत, वकिली करितां येत नाहीं. म्हणून हा मनुष्य न्यायासनापुढें बोलत नाहीं. तो कचेरींत बसून वाचतो आणि लिहितो.

आणि वाचावयाचें तरी किती! माल पुरविणाऱ्यांशीं झालेले करार, जागेच्या भाड्याचे करार, बँकांचीं कर्जखतें, नोकरांच्या नेमणुकीचीं पत्रें, सरकारी खात्यांच्या नोटिसा, ग्राहकांच्या तक्रारी, बाहेरच्या वकिलांचे अभिप्राय — असा कागदांचा लोंढा या खात्याकडे सारखा वाहत असतो. तांदूळ निवडणारी गृहिणी जशी सुपांतल्या हजार दाण्यांतून एक खडा शोधते, तसेंच या खात्यांतील माणसाचें काम असतें. नव्याण्णव कलमें निरुपद्रवी असतात आणि शंभरावें कलम कंपनीला कोट्यवधि रुपयांना बुडवूं शकतें. आणि तें शंभरावें कोणतें, हें आधीं कळत नसल्यामुळें सगळींच वाचावीं लागतात. माणसें थोडीं, कागद फार, आणि ‘करार आजच्या आज पाहिजे’ म्हणून दाराशीं उभे असलेले विक्रीखात्याचे लोक — अशा या खोलींत अलीकडच्या वर्षांत एक नवा लेखनिक येऊन बसला आहे. त्याला झोप लागत नाहीं, रजा लागत नाहीं आणि शंकाही येत नाहीं. पहिल्या दोन गोष्टी त्याच्या फायद्याच्या आहेत. तिसरी मात्र घोराची आहे.

या लेखनिकास लोक ‘जनरेटिव्ह एआय’ म्हणतात; म्हणजे विचारल्या प्रश्नावर स्वतः मजकूर रचून देणारी कृत्रिम बुद्धि. ज्या तंत्रावर ती उभी आहे, त्याचा पाया २०१७ सालीं गूगल कंपनीच्या संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधानें घातला; आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं अमेरिकेंतील ओपनएआय या संस्थेनें ‘चॅटजीपीटी’ लोकांपुढें ठेवल्यावर ती घरोघरीं जाऊन पोंचली. तिचें चालणें समजून घेतल्याशिवाय तिचा उपयोगही समजत नाहीं आणि धोकाही समजत नाहीं.

‘आधीं पोटोबा, मग —’ एवढें म्हणून कोणी थांबला, तर मराठी घरांतलें लहान मूलही ‘विठोबा’ म्हणून वाक्य पुरें करील. त्यासाठीं त्या मुलाला म्हणीचा अर्थ कळावाच लागतो असें नाहीं. हे शब्द एकामागून एक येतात, हें वारंवार ऐकून त्याच्या जिभेवर बसलेलें असतें. हें यंत्र तेंच काम अफाट प्रमाणावर करतें. अब्जावधि शब्दांचें वाचन त्याच्याकडून करवून घेतलेलें असतें, आणि त्यावरून पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब करीत तें वाक्यामागून वाक्य रचीत जातें. हा हिशेब इतका सूक्ष्म असतो, कीं त्यांतून पत्रें, करार, सारांश, युक्तिवाद सर्व कांहीं अस्खलित भाषेंत बाहेर पडतें.

येथें एक भेद नीट ध्यानांत घ्यावयास हवा. ग्रंथपालाकडे एखादें पुस्तक मागितलें, तर तो तें कपाटांतून काढून देतो. नसेल तर नाहीं म्हणून सांगतो. हें यंत्र मूळचें ग्रंथपाल नव्हे. ‘अमुक मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय सांगा’ असें म्हटलें, तर अशा निर्णयाचें नांव जसें असतें तसें एक नांव, साल जसें असतें तसें एक साल, आणि न्यायाधीश जशी भाषा वापरतात तशी भाषा तें रचून देऊं शकतें. तो निर्णय खरोखर झालेला असेल किंवा नसेलही. दोन्ही वेळां त्याचा स्वर सारखाच खात्रीचा असतो.

तरीही हा लेखनिक टाकाऊ आहे असें समजणें चुकीचें होईल. पुण्याजवळ चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एखाद्या कारखान्याचें उदाहरण कल्पून पाहावें. एक मोठा गिऱ्हाईक साठ पानांचा करार पाठवितो आणि दोन दिवसांत सही मागतो. कारखान्याच्या कायदेखात्यांत दोनच माणसें. पूर्वीं त्यांपैकीं एकानें रात्र जागवून तीं साठ पानें वाचलीं असतीं. आतां कंपनीच्या नेहमींच्या अटी एका बाजूला आणि नवा करार दुसऱ्या बाजूला ठेवून, ‘फरक कोठें कोठें आहे तें पानांच्या आंकड्यांसह सांग’ असें यंत्राला सांगतां येतें. कांहीं मिनिटांत यादी तयार होते: नुकसानभरपाईला मर्यादा नाहीं, पान २३, लवाद सिंगापूरला, पान ४१, पैसे नव्वद दिवसांनीं, पान १२. मग तें पान उघडून पाहणें एवढेंच माणसाकडे उरतें. त्याचप्रमाणें साध्या पत्राचा पहिला खर्डा, लांबलचक पत्रव्यवहाराचा तारीखवार गोषवारा, क्लिष्ट कलमाचें विक्रीखात्याला समजेल अशा भाषेंत रूपांतर, हीं कामें तें खरोखर चांगलीं करतें.

या कामांत एक समान धागा आहे. येथें काम करण्यापेक्षां तें तपासणें सोपें आहे. साठ पानांतून तेवीसावें पान शोधण्यास तास लागतात, पण तेवीसावें पान उघडून खात्री करण्यास मिनिट पुरतें. जेथें असें आहे, तेथें यंत्र लाभाचें. जेथें तपासण्याला मूळ कामाइतकाच वेळ लागतो, तेथें लाभ शून्य. आणि जेथें तपासणें कोणी करतच नाहीं, तेथें केवळ हानि. कायदेखात्यानें हें यंत्र कोठें बसवावें आणि कोठें बसवूं नये, याचें निम्मे उत्तर या एका कसोटींत आहे.

उरलेलें निम्मे उत्तर यंत्राच्या चुकांच्या प्रकारांत आहे. पहिला प्रकार पदरच्या भरतीचा. २०१९ सालीं एल साल्वादोरहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानांत खाद्यपेयांची ढकलगाडी गुडघ्याला लागून इजा झाली, म्हणून एका प्रवाशानें आव्हिआन्का या विमानकंपनीवर दावा केला. प्रवाशाच्या वकिलांनीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत जे दाखले सादर केले, त्यांतील सहा कोणालाही सांपडेनात. कारण ते चॅटजीपीटीनें रचलेले होते. विशेष म्हणजे, हे दाखले खरे आहेत काय, असें वकिलानें त्या यंत्रालाच विचारलें होतें आणि यंत्रानें होकार दिला होता! न्यायमूर्ति केव्हिन कॅस्टेल यांनीं २२ जून २०२३ रोजीं ५,००० डॉलर दंड ठोठावला. साक्षीदाराची सत्यता त्याच साक्षीदाराला विचारून ठरविणारा वकील कोणत्याही गांवच्या कोर्टांत हंशाचा विषय झाला असता. पण यंत्राच्या अस्खलित भाषेपुढें शिकलेल्या माणसालाही हें सुचलें नाहीं.

कंपन्यांच्या दृष्टीनें याहून बोधप्रद प्रकरण इंग्लंडांतलें आहे. जून २०२५ मध्यें तेथील हायकोर्टापुढें कतार नॅशनल बँकेविरुद्धच्या एका दाव्यांतील कागद आले. त्यांतील ४५ दाखल्यांपैकीं १८ अस्तित्वांतच नव्हते. पण येथें संशोधन वकिलानें केलें नव्हतें. तें पक्षकारानें स्वतः यंत्राच्या साहाय्यानें केलें होतें आणि वकिलानें विश्वासानें जसेंच्या तसें उचललें होतें. कायदेखात्यांतील माणूस नेमका याच जागीं उभा असतो. तो बाहेरच्या वकिलाला माहिती पुरवितो, आणि बाहेरचा वकील त्याला. प्रत्येकानें दुसऱ्यानें तपासलें असेल असें धरून चालल्यास कोणीच तपासलेलें नसतें.

आपल्याकडेही हें संकट दूर राहिलेलें नाहीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें एका कंपनीच्या प्राप्तिकराच्या आकारणीचा आदेश आला. त्या आदेशांत ज्या तीन निर्णयांचा आधार घेतला होता, ते निर्णय मुळीं झालेलेच नव्हते. न्यायालयानें तो आदेश रद्द केला, आणि यंत्रानें पुढें केलेल्या उत्तरांची खातरजमा करून घेतल्याशिवाय अधिकाऱ्यांनीं त्यांवर विसंबूं नये, असें बजावलें. येथें कंपनी चुकीची कर्ती नसून तिचा बळी ठरली असती. म्हणजे स्वतः यंत्र न वापरणाऱ्या कायदेखात्यालाही यापुढें समोरून आलेला प्रत्येक दाखला उघडून पाहणें भाग आहे.

यावर असें सांगण्यांत येतें, कीं कायद्यासाठींच खास केलेलीं यंत्रें आतां मिळतात. तीं आधीं निर्णयांच्या भांडारांत शोध घेतात आणि मग सांपडलेल्यावरून उत्तर रचतात. हें खरें आहे, आणि त्यामुळें चुका कमी होतात हेंही खरें. पण त्या नाहींशा होत नाहींत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०२४ सालीं अमेरिकेंतील अशा नामांकित साधनांची परीक्षा घेतली, तेव्हां तीं साधनेंही सुमारें सहांतून एका ते तिनांतून एका प्रश्नाला कल्पित किंवा चुकीचें उत्तर देतात, असें आढळून आलें. ग्रंथपालाशेजारीं बसविला म्हणून लेखनिक ग्रंथपाल होत नाहीं.

चुकीचा दुसरा प्रकार गाळण्याचा, आणि तो अधिक घातक. नसलेला निर्णय शोधूं गेल्यास सांपडत नाहीं, म्हणून लबाडी उघडी पडते. पण सारांशांतून जें गळालें, तें सारांश वाचणाऱ्याला कसें दिसणार? चाकणच्याच त्या कल्पित कारखान्याला वाढीसाठीं शेजारची जमीन घ्यावयाची आहे असें समजा. सातबाराचे उतारे, फेरफार, जुनीं खरेदीखतें मिळून दोनशें पानांचा गठ्ठा यंत्रापुढें टाकला आणि पान-दोन पानांचा गोषवारा मागितला. मालकाचें नांव, क्षेत्र, बोजा हें सर्व गोषवाऱ्यांत आलें. पण एका उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असें लिहिलें होतें, तें राहून गेलें. या तीन शब्दांचा अर्थ असा, कीं ती जमीन सक्षम सरकारी अधिकाऱ्याच्या परवानगीवांचून हस्तांतरित करितां येत नाहीं. मग विसार देऊन झाल्यावर, कदाचित् पाया खणावयास घेतल्यावर, ती गोष्ट उजेडांत यावयाची. महसुली मराठी ही तर भाषेंतली भाषा आहे. पोटखराबा, कूळ, इनाम, आणेवारी या शब्दांना पिढ्यान्‌पिढ्यांचा कायदेशीर अर्थ चिकटलेला आहे. ज्या यंत्राचें बहुतेक वाचन इंग्रजींत झालें, त्यानें त्यांचें केलेलें भाषांतर तलाठ्याच्या दप्तराशीं परिचय असलेल्या माणसाच्या नजरेखालून गेलेंच पाहिजे.

तिसरा प्रकार परक्या कायद्याचा. यंत्राच्या वाचनांत अमेरिकन मजकूर विपुल. त्यामुळें त्याच्या लेखणींतून अमेरिकन वळणाचीं कलमें सहज उतरतात. ‘नोकरीचा करार लिहून दे’ म्हटलें, तर ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षें प्रतिस्पर्धी कंपनींत काम करणार नाहीं’ असें कलम तें ऐटींत घालील. अमेरिकेंतल्या पुष्कळ राज्यांत असें कलम कांहीं मर्यादेंत चालतें. भारतांत मात्र १८७२ च्या करार कायद्याचें २७ वें कलम उपजीविकेला बंदी घालणारा करार निरर्थक ठरवितें, आणि नोकरी संपल्यानंतरच्या असल्या बंदीला आपलीं न्यायालयें मान देत नाहींत. दुसरें उदाहरण वर आलेल्या नव्वद दिवसांचें. पुरवठा करणारा कारखाना सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या कायद्याप्रमाणें करारांत कांहीं लिहिलें तरी पंचेचाळीस दिवसांपलीकडे त्याचे पैसे थकवितां येत नाहींत. थकविल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दरानें, दरमहाच्या चक्रवाढीनें व्याज द्यावें लागतें. भाषेच्या दृष्टीनें निर्दोष असलेलें कलम कायद्याच्या दृष्टीनें असें पोकळ असूं शकतें.

आतां गुप्ततेचा प्रश्न. कायदेखातें म्हणजे कंपनीचें माजघर. तेथें विलीनीकरणाच्या वाटाघाटी असतात, नोकरांविषयींच्या तक्रारी असतात, दाव्यांतील स्वतःच्या बाजूचा दुबळेपणा असतो. हें सर्व बाहेरच्या यंत्राला सांगणें म्हणजे माजघरांतली गोष्ट चव्हाट्यावर नेणें तर नव्हे? २०२३ सालीं सॅमसंग कंपनीच्या कांहीं नोकरांनीं कंपनीचा गुप्त संगणकीय मजकूर चॅटजीपीटींत घातल्याचें उघडकीस आलें, आणि कंपनीनें अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली. फुकट मिळणारें साधन आणि कंपनीनें करार करून घेतलेलें साधन यांत म्हणून मोठें अंतर आहे. दिलेला मजकूर यंत्राच्या पुढील शिक्षणासाठीं वापरणार नाहीं, तो अमुक मुदतीनंतर पुसून टाकूं, तो अमुक देशांतच ठेवूं, अशा अटी दुसऱ्या प्रकारांत लिहून घेतां येतात. इतरांचे करार आयुष्यभर तपासणाऱ्या खात्यानें स्वतः घ्यावयाच्या साधनाचा करार तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

भारतांत या प्रश्नाला आणखी एक धार आहे. पक्षकार आणि त्याचा वकील यांच्यांतील बोलणें कायद्यानें झांकलेलें असतें. परंतु ३१ ऑक्टोबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असें स्पष्ट केलें, कीं कंपनीचा पगारी कायदे-सल्लागार हा न्यायालयांत वकिली करणारा वकील नसल्यामुळें भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या १३२ व्या कलमाचें तें पूर्ण कवच त्याला लाभत नाहीं. मालक आणि त्याचा पगारी सल्लागार यांच्यांतील बोलण्यालाच जेथें पुरतें कवच नाहीं, तेथें त्या सल्लागारानें यंत्राशीं केलेली प्रश्नोत्तरें सुरक्षित आहेत असें समजणें धाडसाचें होईल. यंत्राला विचारलेला प्रत्येक प्रश्न उद्यां कोर्टापुढें वाचला जाऊं शकेल, असें धरूनच तो लिहावा. शिवाय त्या कागदांत माणसांची खासगी माहिती असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यांत अशा माहितीची नीट राखण न करणाऱ्याला २५० कोटि रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले आहेत.

मग कायदेखात्यानें करावें काय? बंदी घालून भागत नाहीं. बंदी घातली, तर घाईंतला तरुण स्वतःच्या फोनवर फुकटचें साधन उघडतो, आणि गुप्त कागद अगदीं निष्काळजी वाटेनें बाहेर जातो. म्हणून शहाणपणाची रीत म्हणजे दार उघडें ठेवून उंबऱ्यावर पहारा ठेवणें. प्रथम कामांचे तीन ढीग करावेत. पहिल्यांत साधीं पत्रें, बैठकींचीं टिपणें, कलमांची तुलना. हीं कामें यंत्राला खुशाल द्यावींत. दुसऱ्यांत करारांचे मसुदे, सारांश, भाषांतरें. हीं द्यावींत, परंतु जाणत्या माणसानें मूळ कागदाशीं ताडून पाहिल्याशिवाय तीं खात्याबाहेर जाऊं नयेत. तिसऱ्यांत फौजदारी स्वरूपाच्या चौकशा, नोकरांच्या छळाच्या तक्रारी, विलीनीकरणाच्या गुप्त वाटाघाटी, आणि दावा लढवावा कीं मिटवावा हा निर्णय. येथें यंत्राला उंबऱ्याच्या आंत घेऊंच नये.

दुसरें पाऊल परीक्षेचें. नवा कारकून नेमतांना त्याच्याकडून चार कागद लिहून घेतात, तसेंच येथेंही करावें. ज्यांतील दोष खात्याला आधींच ठाऊक आहेत असे जुने करार, त्यांतील नांवें झांकून, यंत्रापुढें ठेवावेत. किती दोष त्यानें पकडले, किती सुटले आणि किती नसलेले उकरून काढले, याची नोंद करावी. विक्रेत्याच्या जाहिरातीपेक्षां ही नोंद अधिक विश्वासार्ह. तिसरें पाऊल दाखल्यांविषयींचें, आणि त्याला अपवाद नसावा: प्रत्येक निर्णय मूळ ठिकाणीं उघडून वाचल्याशिवाय कोणत्याही कागदांत उद्धृत करूं नये. चौथें, बाहेरच्या वकिलांना आरंभींच विचारावें, कीं तुम्ही हीं साधनें वापरतां काय, आणि वापरीत असाल तर तपासतें कोण? यांत पैशाचाही प्रश्न आहे. अमेरिकन बार असोसिएशननें जुलै २०२४ मध्यें दिलेल्या आपल्या ५१२ व्या अभिप्रायांत स्पष्ट म्हटलें आहे, कीं तासांवर फी घेणाऱ्या वकिलानें प्रत्यक्ष खर्चिलेल्या वेळाचेच पैसे घ्यावेत. यंत्रामुळें वांचलेल्या वेळाचे नव्हेत. आणि पांचवें, प्रत्येक कागदाखालीं एका माणसाचें नांव असावें. ‘यंत्रानें लिहिलें’ हें उत्तर मानण्यांत येऊं नये.

या शेवटच्या गोष्टीचें महत्त्व एका लहानशा खटल्यानें चांगलें पटतें. कॅनडांतील एका प्रवाशानें आजीच्या निधनानंतर एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राला सवलतीच्या तिकिटाविषयीं विचारलें. आधीं पुरे पैसे भरा, सवलत मागाहून मागतां येईल, असें यंत्रानें सांगितलें. कंपनीचा खरा नियम तसा नव्हता. तिनें सवलत नाकारली. प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणापुढें गेलें. आपल्या यंत्रानें सांगितलेल्या माहितीबद्दल आपण जबाबदार नाहीं, असा बचाव कंपनीनें घेतला. फेब्रुवारी २०२४ मध्यें न्यायाधिकरणानें तो फेंटाळून लावला आणि प्रवाशाला आठशें कॅनेडियन डॉलरांहून कांहीं अधिक रक्कम देवविली. रक्कम लहान, पण तत्त्व मोठें: यंत्राच्या तोंडून कंपनीच बोलत असते.

हा सर्व प्रश्न मोठ्या कचेऱ्यांचा, त्याच्याशीं घरगृहस्थीचा काय संबंध, असें कोणास वाटेल. पण विम्याची पॉलिसी, घराचें कर्ज, मुलाच्या नोकरीचें नेमणूकपत्र, फोनवरील ‘मला मान्य आहे’ ही कळ, हे सर्व कागद याच खात्यांतून लिहून येतात. लिहिणें सोपें झालें कीं कागद लांबतात. ज्या कंपनीपाशीं न थकणारा लेखनिक आहे, ती तीस कलमांच्या जागीं साठ घालूं शकेल, तक्रारीच्या एका पत्राला सहा पानी उत्तर धाडूं शकेल. आणि समोरचा एकटा माणूस वाचूनच थकेल. उलट, त्याच यंत्राकडून सोप्या मराठींत दोन पानांचा स्पष्ट करार लिहून घेऊन ग्राहकाच्या हातीं देणेंही तितकेंच शक्य आहे. यंत्राला दोन्ही सारखेंच. निवड खात्याच्या प्रमुखाची आहे.

दुसरी काळजी घरांतल्या तरुणांची. कायद्याची पदवी घेऊन बाहेर पडलेली मुलगी पहिलीं चार वर्षें कंटाळवाणे करारच वाचीत असते. तीं वर्षें फुकट गेलीं असें तिला वाटतें. पण त्याच वाचनांत तिची नजर तयार होते, आणि कागद उलटतां उलटतां कोठें तरी कांहीं खटकतें आहे, हें तिला वाचण्याआधींच जाणवूं लागतें. तें वाचन सगळेंच यंत्राकडे गेलें, तर आणखी दहा वर्षांनीं यंत्राची चूक पकडणारी नजर कोठून यावयाची? म्हणून विचारी कायदेखात्यानें नवशिक्यांना कांहीं करार मुद्दाम यंत्रावांचून वाचावयास द्यावेत, त्यांचें टिपण झाल्यावर यंत्राचें टिपण शेजारीं ठेवावें, आणि दोहोंतील फरकाची चर्चा करावी. यांत वेळ जाईल. पण यंत्रानें वांचविलेल्या वेळाचा याहून चांगला उपयोग शोधून सांपडणार नाहीं.

गृहिणीनें तांदूळ निवडण्याचें यंत्र आणलें, म्हणून जेवणांत खडा लागल्यावर कोणी यंत्राला बोल लावीत नाहीं. पानावर वाढणाऱ्याकडेच सगळे पाहतात. कंपनीच्या करारांचेंही तसेंच आहे. मसुदा कोणीही लिहो. तो वाचून त्याखालीं सही करणारा हात माणसाचा आहे, आणि त्या हाताला सही करण्यापूर्वीं मूळ पान उलटून पाहण्याची संवय राहिली, तरच हा नवा लेखनिक त्या खोलींत सुखानें नांदेल.